डबा रिकामा देऊ नये

रिकामे डबे आणि किस्से यांचं एकच असतं. टाकवत नाहीत! 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून आपण ठेवत जातो आणि एक दिवस माळ्यावर जागाच उरत नाही. माझ्याकडचे निम्मे किस्से तर डब्यांचेच आहेत, त्याला मी काय करू?

संगमनेरच्या अलीकडे, नाशिक-पुणे रस्त्याला लागून आमचं दुधाचं शीतकरण केंद्र. गावोगावचं दूध यायचं, ते तपासायचं, थंड करायचं आणि टँकरने पुढे पाठवायचं. लॅबमध्ये मी, हिशेबाला शैला, टँकरवर सय्यदभाई, कॉम्प्रेसरवर तात्या आणि सगळ्यांवर सुपरवायझर, म्हणजे आमचे साहेब. दुपारी एक वाजला की पाच डबे एका जुन्या वर्तमानपत्रावर उघडायचे. मग कोणाचा डबा कोणी संपवला, हे देवालाही सांगता आलं नसतं.

*

एकदा जेवताना साहेबांनीच काढलं, "हा डबा शब्द मुळात आला कुठून?" साहेबांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मास्तर, त्यामुळे त्यांना घासागणिक प्रश्न पडतात.

"कन्नडमधून," उत्तरही त्यांनीच दिलं. "तिकडे डब्बी म्हणतात."

सय्यदभाई उसळले. "काय साहेब! डिब्बा आमच्याकडचा. आमची दादी पानाचा डिब्बा उशाशी घेऊन झोपायची. ती काय कर्नाटकची होती?"

तात्यांनी शांतपणे घास गिळला, झाकण उलटं घेतलं आणि बोटांनी वाजवलं. "काय आवाज येतोय? डब डब. म्हनून डबा. कशाला उगं कर्नाटकात जाता!"

मग आम्ही अर्थ मोजायला लागलो. शाळेचा डबा, आगगाडीचा डबा, मेसला लावलेला डबा, दवाखान्यात पोचवायचा डबा. आणि पहाटे शेताकडे न्यायचा तो डबा, ज्याचं नाव जेवताना काढत नाहीत. तात्यांनी काढलं! साहेबांनी वरणाची वाटी बाजूला सारली.

वाद काही मिटेना. शेवटी शैला ओरडली, "शब्द कुठून आला ते नंतर बघा. माझ्या डब्यातलं लोणचं कुठं गेलं ते आधी सांगा!"

तिन्ही विद्वान एकदम आपापल्या डब्यात बघायला लागले.

*

सय्यदभाईंच्या टँकरलाही आम्ही डबाच म्हणायचो. एका उन्हाळ्यात तो चंदनापुरीच्या घाटात, ऐन चढावर बंद पडला. आत सगळं दूध, वर ऊन! मागून आलेला एक ट्रकवाला काच खाली करून म्हणाला, "चाचा, भंगारात घाला की हा डबा!"

सय्यदभाई त्याच्या दारापाशी गेले. "डबा म्हण. मला राग नाही. पण भरलेला डबा म्हण! पाच गावच्या बाया पहाटे उठल्यात या दुधासाठी. ओतून देऊ का इथं?"

ट्रकवाल्याने मुकाट्याने दोर काढला आणि घाटाच्या माथ्यापर्यंत टँकर ओढून दिला. तेव्हापासून तो ट्रक आमच्या गेटसमोरून गेला, की आधी हॉर्न वाजायचा आणि मग हाक यायची, "चाचा, भरलेला का?"

*

आता हा किस्सा साहेबांना आवडत नाही, तरी सांगते.

एका दुपारी दूध पोचवून टँकर परत आलेला, टाक्या धुऊन झालेल्या, त्यात वीज गेलेली. तात्यांना गोदामाजवळ एक चेपलेला पत्र्याचा डबा सापडला आणि त्यांच्या अंगात लहानपण शिरलं. "डबा ऐसपैस खेळायचं का?" म्हणाले. आणि खेळलो आम्ही! साठीला आलेले तात्या, गुडघेदुखीचे सय्यदभाई, सगळे. राज्य आलं साहेबांवर.

साहेब अंगणाच्या मधोमध डब्यापाशी उभे. शैला टँकरमागे, मी कॅनच्या रांगेआड. तेवढ्यात गेटातून जीप आत आली. हेड ऑफिसचे मोठे अधिकारी!

"इथं काय करताय?" त्यांनी विचारलं.

साहेब टाचा जुळवून उभे राहिले. "सर... डबा... बघत होतो."

अधिकाऱ्यांनी टँकरमागचा शैलाचा पदर पाहिला. कॉम्प्रेसर रूमच्या खिडकीत वरखाली होणारी तात्यांची टोपी पाहिली. मग हातातली फाइल जीपच्या बॉनेटवर ठेवली, दोन पावलं मागे गेले आणि धावत येऊन डब्याला अशी लाथ घातली, की तो थेट कुंपणाला जाऊन आपटला.

"डबा ऐसपैस! राज्य परत तुमच्यावर!"

*

तात्यांच्या घरी एकदा आम्ही सगळे हुरडा खायला गेलो होतो. तात्यांची बायको हिराकाकू, बारीकशा, पण घरभर त्यांचाच आवाज. दारात रांगेनं तेलाचे जुने डबे, आणि प्रत्येकात कढीपत्त्याचं रोप.

तात्या कुरकुरले, "एकेका डब्याच्या मागं किती लागावं मानसानं! आधी त्यात तेल, मग बाजरी. गंजला की ह्यो कढीपत्ता. बूड गेलं की पत्रा सरळ करून कोंबड्यांच्या खुराड्यावर. मला रिटायर झाल्यावर कशावर ठोकती काय म्हाईत!"

काकू आतूनच म्हणाल्या, "तेल हाय तवर डबा दुकानदाराचा. तेल संपल्यावर खरा आपला व्हतोय. रिटायर तर होऊ द्या!"

तात्या लाजले. खरंच सांगते, त्या वयात.

*

आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. शैलाच्या सासूबाईंचा आणि शेजारच्या काकींचा याच्यावरून वर्षभर सामना चालला होता. दिवाळीला एक स्टीलचा डबा चिवडा घेऊन गेला. तो शंकरपाळे घेऊन आला. तिळगूळ घेऊन गेला, पुरणपोळी घेऊन आला. आधी थांबायचं कोणी? जी थांबेल तिच्याकडे डबा राहणार आणि नाव जाणार!

शेवटी शैलानेच वैतागून विचारलं, "पण मुळात डबा कुणाचा?" दोघी ठामपणे एकमेकींना म्हणाल्या, "तुमचा!" मग सगळ्यांनी मिळून डबा उलटा केला. स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घ्यायची आपली पद्धत. बुडाशी नाव निघालं ते तिसऱ्याच बाईचं!

*

हिराकाकू गेल्या, तेव्हा तात्यांच्या रिटायरमेंटला थोडेच महिने उरले होते.

तात्यांना चहासुद्धा करता येत नव्हता. दुपारी एकला ते आमच्यात येऊन बसायचे आणि 'भूक न्हाई' म्हणायचे. मुलगा विलास चाकणला कंपनीत. त्याने सांगून टाकलं, नोकरी संपली की घराला कुलूप लावायचं आणि आप्पांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, चाकणला यायचं. पोरगा वाईट नव्हता, काळजीनंच बोलत होता.

"तिथं चौथ्या मजल्यावर मी काय करू?" तात्या आम्हाला म्हणायचे. "हितं तिची झाडं हायेत. पन तो ईचारतो, आप्पा, तुमी खानार काय?"

काकूंचा डबा कॉम्प्रेसर रूमच्या फळीवर तसाच पडून होता. एक दिवस शैलाने काही न बोलता तो घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी भरून आणला. तात्यांनी बुडाशी कोरलेलं 'हिराबाई' अंगठ्याने पुसलं आणि जेवले. संध्याकाळी डबा परत दिला, तर आत साखर.

"रिकामा देऊ न्हाई म्हनायची ती," तात्या म्हणाले.

मग हे रोजचंच झालं. साखर, कधी पेरू, कधी कढीपत्त्याची जुडी. एकदा भुईमुगाच्या शेंगा आल्या. शैला पळत लॅबमध्ये आली. "ताई, उकडलेल्या आहेत! म्हणजे तात्यांनी गॅस पेटवला!" आम्ही दोघींनी त्या शेंगा उभ्यानेच खाल्ल्या. इतक्या खारट शेंगा मी जन्मात खाल्ल्या नव्हत्या आणि इतक्या आवडल्याही नव्हत्या.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी विलास सकाळीच पिकअप घेऊन आला. अंथरूण, पेटी, टीव्ही, सगळं भरून, घराला कुलूप लावून आणि किल्ली खिशात टाकून तो आप्पांना घ्यायला केंद्रावर आला. शाल-नारळ झालं. साहेबांना भाषण करायचं होतं, त्यांना ते जमलं नाही. मग आम्ही विलासलाही जेवायला बसवून घेतलं.

तात्या फळीवरून डबा घेऊन आले आणि शैलापुढे सरकवला. "कालचा परत करायचा राहिला व्हता."

तिने झाकण काढलं. बाजरीच्या भाकरी होत्या. कडा तुटलेल्या, मधे करपलेल्या. आणि गुठळ्या झालेलं पिठलं.

आधी सय्यदभाईंनी तुकडा मोडला, मग साहेबांनी. साहेबांनी तर पिठलं पुन्हा मागून घेतलं. विलास नुसता बघत होता. मग त्यानेही घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी हाय, आप्पा."

"उद्या घालतो," तात्या म्हणाले.

विलास खाली मान घालून खात राहिला. शेवटच्या तुकड्याने त्याने डबा पुसून घेतला. मग उठला, नळाखाली डबा घासला, रुमालाने कोरडा केला आणि बुडाकडे बराच वेळ बघत उभा राहिला. आला तो झाकण लावूनच. डबा त्याने वडिलांसमोर ठेवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"आता काय घातलंस ह्यात?" तात्यांनी विचारलं.

"रिकामा देऊ न्हाई म्हनायची ना आई."

तात्यांनी झाकण उघडलं. आत घराची किल्ली होती.