रानकाकूंच्या वीस कुंड्या

त्या रविवारी रानकाकूंना उठावंसंच वाटत नव्हतं. गुडघे आदल्या दिवसापासून कुरकुरत होते आणि मनही त्यांच्याच बाजूने बोलत होतं. तरी त्या उठल्या, अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. एरवी देवाकडे त्यांची मोठी यादी असायची. मुलीचं, जावयाचं, शेजारणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचंसुद्धा. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "देवा, आज काय तो निकाल लाव. इकडे नाहीतर तिकडे. आता माझ्याच्याने होत नाही."

रानकाकू हे त्यांना कॉलनीने चिकटवलेलं नाव. एकतीस वर्षं त्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. काचेची भांडी विसळायची, दिव्यांत स्पिरिट भरायचं आणि भिंतीवरच्या काचेच्या पेट्या पुसायच्या. त्या पेट्यांत टाचण्या टोचलेली बेचाळीस फुलपाखरं होती आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. निवृत्तीच्या दिवशी शेवटचा हात फिरवताना त्यांच्या मनात आलं, यातलं हे नारिंगी, काळ्या काठाचं, लहानपणी परसात रोज दिसायचं. जिवंत शेवटचं कधी पाहिलं? काही केल्या आठवेना. ते आठवेना म्हणून त्या इतक्या कासावीस झाल्या, की निरोपसमारंभात शाल कोणी दिली हेही त्यांना आज सांगता येत नाही.

शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंनी मग सांगितलं, की ते फुलपाखरू अंडी घालतं ती रुईवर. सुरवंट रुईचीच पानं खातो, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. आणि कॉलनीत रुई होती कुठे? ती तर तण म्हणून उपटलेली. अंगणोअंगणी शोभेची परदेशी झाडं, दिसायला छान, पण एका पानाला भोक असेल तर शपथ.

तेव्हापासून अकरा वर्षं हेच चाललं होतं. वाचनालयाच्या मागच्या भिंतीलगत साठ पावलं लांबीची पडीक पट्टी होती. तिथे काकूंनी रुई लावली, आघाडा वाढू दिला, काटेकोरांटी आणून रुजवली. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या अंगणात रोपमेळा. घडीचं टेबल, त्यावर रोपं, मुलांना चित्रं काढायला कागद, मोठ्यांना थर्मासमधला चहा. लोक यायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, "काकू, फुकट देताच आहात तर गुलाब द्या की! हे रान कुठे ठेवू?" त्यातूनच ते नाव पडलं. काकू हसायच्या. पहिली चारपाच वर्षं मनापासून हसल्या, पुढे सवयीने.

मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बस कर आता. इकडे ये, चार दिवस पाय वर करून बस." काकू म्हणायच्या, "येते गं, हा मेळा झाला की." असे किती मेळे झाले ते मुलीने मोजणंही सोडलं होतं.

आता मात्र गोष्ट गळ्याशी आली होती. कॉलनीच्या कमिटीला त्या पट्टीवर सिमेंटचे ठोकळे बसवून स्कूटर लावायला जागा करायची होती. ठोकळे येऊन फाटकापाशी रचलेसुद्धा होते. कमिटीच्या बैठकीत सेक्रेटरी म्हणाले होते, "काकू, तुमच्याबद्दल आदर आहे. पण त्या झुडपांचा उपयोग काय, ते एकदा दाखवा तरी."

काकू बोलून गेल्या होत्या, "दाखवते. वीस घरांना रुईची एकेक कुंडी देते. महिन्याभराने त्यातल्या निदान दहा कुंड्यांवर सुरवंट नाहीतर कोश दाखवते. नाही दाखवले तर घाला ठोकळे."

आज तो महिना भरत होता.

"चहात साखर घातलीस का?" नानांनी स्वयंपाकघरातून विचारलं. नाना म्हणजे काकूंचे यजमान, निवृत्त कारकून. थर्मास भरण्याचं काम त्यांच्याकडे असायचं.

"चहा तुम्ही केलात. मला काय विचारता?"

"म्हणजे घातली नाही," नाना स्वतःशीच म्हणाले. मग बाहेर येऊन टेबलाचं एक टोक उचलत म्हणाले, "तू काळजी करू नकोस. आज सगळं फर्स्ट क्लास होणार. मी बघितलंय."

"काय बघितलंय?"

"बघशील," असं म्हणून नाना पुढे झाले.

वाचनालयाचं अंगण त्या दिवशी कधी नव्हे ते भरलं. काकूंच्या सांगण्याला लोक हसायचे खरे, पण काकूंची पट्टी जाऊ नये असं मनातून सगळ्यांना वाटत होतं. म्हणून जो तो आपली कुंडी घेऊन हजर. औषधवाल्याने कुंडीला गेरू लावला होता. हिशेबतपासनीस बाईंनी पानं ओल्या फडक्याने पुसून चकचकीत केली होती. शिकवणीवाल्या सरांनी तर कुंडीला रिबीन बांधली होती. टेबलावर हिरव्यागार, टवटवीत कुंड्या ओळीने लागल्या. मोठी पानं, कुठे एक भोक नाही.

ते बघून काकू टेबलापाशी आल्या.

त्यांनी पहिल्या कुंडीचं पान उलटं केलं. काही नाही. दुसरीचं, तिसरीचं. चष्मा नाकावर सरकवून त्या पार सातव्या कुंडीपर्यंत गेल्या. पानांना कसलासा उग्र वास येत होता.

"वास कसला येतोय हो?" त्यांनी औषधवाल्याला विचारलं.

"साबणाचं पाणी आणि तंबाखूचा काढा, काकू," औषधवाला अभिमानाने म्हणाला. "मध्ये पट्ट्यापट्ट्यांचे किडे पडले होते ना, नुसता सुळसुळाट! मी तर घाबरलोच. म्हटलं, काकूंचं झाड गेलं आता. फोन केला तर नानांनी उपाय सांगितला. दोन फवाऱ्यांत साफ!"

"आमच्याकडेही तेच," हिशेबतपासनीस बाई म्हणाल्या. "नाना स्वतः बाटली घेऊन आले. एवढ्या उन्हात, बिचारे."

काकूंनी मान वळवून नानांकडे पाहिलं. नाना थर्मासचं झाकण लावत होते. ते लागत नव्हतं.

"तू दुपारी गुडघ्याच्या व्यायामाला जायचीस," नाना हळूच म्हणाले. "मागाहून फोन यायचे. झाड खाल्लं, झाड खाल्लं. मला वाटलं, झाडं मेली तर तू हरशील."

"कुंड्या देताना मेळ्यात मी काय सांगितलं होतं सगळ्यांना?"

"माइक खरखरत होता गं. आणि मी मागे चहा देत होतो."

काकूंना रागही आला नाही. रागाला जोर लागतो, तो कुठून आणायचा? अकरा वर्षं एकाच घरात, एकाच पंगतीला बसून ज्याला सांगितलं त्याच्यापर्यंत पोचलं नाही, तर कॉलनीला काय बोल लावायचा. त्या टेबलाच्या कडेला टेकल्या.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. हातात वही, मागे कमिटीचे दोघं. त्यांनी टेबलावरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! वा काकू! हे म्हणजे बागच झाली. मला वाटलं होतं निम्मी वाळलेली येतील." त्यांनी बोटाने मोजलं. "एकोणीस. एकोणीस जिवंत, एकूण एक हिरवीगार. दहा म्हणाला होतात ना? मग झालं की. पट्टी तुमची. फक्त अशीच नीट ठेवायची, अधूनमधून फवारा मारायचा. लिहू का तसं?"

अंगणात टाळ्या पडल्या. कुणीतरी "काकू की जय!" असंही ओरडलं. नाना तर डोळे पुसायला लागले.

गप्प बसायचं, एवढंच काकूंना करायचं होतं. पट्टी राहिली असती. गुडघ्यांना सुट्टी, मुलीकडे पंधरा दिवस. सकाळी देवाकडे निकाल मागितला होता आणि देवाने तो ताटात वाढून पुढे केला होता. पण वाढलेलं होतं काय? पुसलेली पानं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेट्या त्यांनी एकतीस वर्षं अशाच पुसल्या होत्या.

"साहेब, लिहू नका," काकू म्हणाल्या. "बोली ती नव्हती. दहा कुंड्यांवर सुरवंट दाखवायचे होते. इथे एकही नाही."

"अहो, पण झाडं कशी छान..."

"झाड छान राहावं म्हणून नाही दिलं मी. खाल्लं जावं म्हणून दिलं."

टाळ्यांचे हात तिथेच थांबले. औषधवाल्याचं तोंड उतरलं. हिशेबतपासनीस बाई फडकं पर्समध्ये कोंबू लागल्या. "मग आधी नीट सांगायचं तरी," त्या पुटपुटल्या. "आम्ही काय किड्यांशी बोलायला जाणार होतो?"

"चूक माझीच," काकू म्हणाल्या. त्यांना वाद घालायचा नव्हता, खुर्ची हवी होती.

"एकोणीसच कशा?" कमिटीतल्या एकाने विचारलं. "विसावी कुठाय?"

विसावी फाटकाआड होती. कोपऱ्यावर टपरीत इस्त्री करणारी बाई ती पदराखाली धरून मघापासून उभी होती, आत येत नव्हती. काकूंनी हाक मारली तेव्हा कुठे आली.

"रागवू नका हो काकू," ती म्हणाली. "मला वेळच नाही मिळाला. कपड्यांचा ढीग कमी होत नव्हता. मी नुसतं पाणी घातलं. त्या मेल्यांनी पार खाऊन टाकलं."

कुंडीत काठी उभी होती, नुसती काठी. शेंड्याला अर्धं पान. हसू फुटलं लोकांना. शिकवणीवाले सर म्हणाले, "हिला तरी नापास करा!"

काकूंनी कुंडी हातात घेतली आणि कड बोटांनी चाचपली. मग ती डोळ्यांसमोर उंच धरली. कडेखाली लटकून, दोन हिरवे कोश होते. बोटाच्या पेराहून लहान, वरच्या बाजूला सोनेरी ठिपक्यांची ओळ. जणू कुणीतरी देवघरात बसून एकेक ठिपका ठेवला होता.

"एक," काकू म्हणाल्या. "लिहा साहेब. वीसपैकी एक."

सेक्रेटरी वाकून बघत राहिले. त्यांनी वही उघडली, मिटली. "मी काय करू, काकू? बोली तुमचीच. दहा कुठे, एक कुठे." मग मान खाजवत म्हणाले, "गवंडी काही महिनाभर यायचा नाही, दुसऱ्या कामावर अडकलाय. तोवर पुन्हा करून बघता का?"

अंगणातून "हो, हो" असे आवाज आले. औषधवाला सगळ्यात मोठ्याने म्हणाला. काकूंनीही मान हलवली. पण खरं सांगायचं तर त्यांच्या मनात उजेडबिजेड काही पडला नाही. सेक्रेटरी नाही म्हणाले असते तर आज आडवं तरी होता आलं असतं, एवढंच वाटलं. पुन्हा वीस कुंड्या, पुन्हा माती, पुन्हा तोच खरखरणारा माइक.

"ही माझ्याकडे राहू दे का?" त्यांनी काठीची कुंडी जवळ घेत विचारलं.

"वा, का?" इस्त्रीवालीने ती परत ओढून घेतली. "मी पोसलंय. बाहेर येताना मला बघायचंय."

घरी जाताना टेबलाची दोन्ही टोकं आपणच धरायची म्हणून नानांनी हट्ट केला. दहा पावलांवर खाली ठेवलं, धाप टाकली. "बोल काहीतरी," ते म्हणाले.

"काय बोलू? चहात साखर नव्हती."

त्या रात्री काकूंनी देवापुढे हात जोडले आणि जोडलेलेच ठेवून बराच वेळ बसल्या. ना यादी, ना निकाल. देव समजून घेतो म्हणतात, त्याच भरवशावर त्या उठल्या.

पुढच्या दोन दिवसांत नवी रोपं वाटून झाली. या वेळी माइकवर नाना बोलले, घसा फोडून. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी काकू गुडघ्यांवर शेकायची पिशवी ठेवून पडल्या होत्या, डोळा लागत होता, आणि बाहेर फोन वाजला.

"हां, बोला," नानांचा आवाज. "किडे? किती? ... अहो, मग खाऊ द्या. ... नाही, साबण नाही, काढा नाही. पट्ट्यापट्ट्यांचेच आहेत ना? त्यांना पोटभर खाऊ द्या. ... हो, मीच सांगितलं होतं. आणि आता मीच सांगतोय."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग कागदावर पेन ओढल्याचा.

"सहावी कुंडी," नाना दारातून हळूच म्हणाले. "झोपलीस का?"

काकूंनी डोळे उघडले नाहीत. "झोपले," म्हणाल्या, आणि पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर सरकवली.