चांगुणाबाईची तीन कोठारं

बहात्तरच्या दुष्काळात कर्जत तालुक्यातल्या अकरा खडीकामांवर मजुरांसाठी ज्वारी पोचवायचं काम कारकून असलेल्या आबासाहेबांकडे होतं. सुरुवातीला सगळी पोती कर्जतच्याच गोदामात असत. लांबच्या कामावर गेलेली बैलगाडी दुसऱ्या दिवशी परतायची. मुक्कामाला चारा नसायचा. दोन बैल रस्त्यात बसले ते उठलेच नाहीत. मग प्रत्येक कामाजवळ एक, अशा अकरा खोल्या ट्रकने भरल्या. बैल वाचले, पण महिन्याभरात पोतीच्या पोती किडली.

आबासाहेब हताश होऊन गोदामाच्या पायरीवर बसले होते. झाडलोट करणारी चांगुणाबाई हातातली केरसुणी ठेवून म्हणाली, "तीन कोठारं करा, आबासाहेब."

"तीनच का?"

तिने जमिनीवर ज्वारीचे अकरा दाणे मांडले, एकेका कामाचा एक. "ट्रक उशिरा आला, कामावर माणसं वाढली, तर असावीत म्हणून दर खोलीत वीस पोती तळाला राखता. अकरा खोल्यांत दोनशे वीस. ती कुणाच्या पोटात जात न्हाईत, किडंच खातंय. सगळ्या गावांची नड काय एकदम येत न्हाई. माल एकत्र ठिवला तर राखायला थोडाच पुरतो."

"मग एकच कोठार बरं की!"

"आन् बैल? सांजच्याला गाडी दावणीला आली पायजे. तेवढ्या टप्प्यात समदी कामं बसावीत, आन् कोठारं कमीत कमी."

तिने दाण्यांचे तीन ढीग केले: कर्जत, राशीन, मिरजगाव. एकही दाणा बाहेर उरला नाही.

आठ दिवस कागद काळे करूनही आबासाहेबांना हे सुचलं नव्हतं. "कुठं शिकलात हे?"

"आमचं मालक गाडीवान हुते. चौदा वर्सं मी बी त्यांच्या गाडीसंगं चालले. कुठल्या चढाला बैल दमतो, ठावं हाय."

तहसीलदार साहेबांपुढे आबासाहेबांनी तिलाच उभं केलं. तिने पदर सावरून तेच दाणे टेबलावर मांडले. साहेबांनी एकेक ढीग मोजला, तिथंच मंजुरी दिली; मग ते तिच्या मानाला उठून उभे राहिले.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत तीन कोठारांवर काम चाललं. वाटपाचा एकही दिवस चुकला नाही. मिरजगावची खोली निवडायला चांगुणाबाई स्वतः गेली होती. भिंतीला तळहात लावून ओल तपासत ती कोपऱ्याकोपऱ्यातून फिरली, आणि आबासाहेब दारातच, चपला काढून, तिच्याकडे बघत उभे राहिले.