थोरलीचा हात

गिऱ्हाइकं तिला पाठीमागे सांडशी म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला हरकतही नव्हती. एकदा धरलं की सोडायचं नाही, हा तिच्या अंगठ्याचा गुण होता आणि स्वभावाचाही. पाठीच्या मालिशचा तो धंदा सासूनं उभा केला होता. दोन खोल्या, प्रत्येकीत एक टेबल. पण सासूची बोटं कधीचीच आखडली होती आणि धंदा चालत होता तो या थोरल्या सुनेच्या अंगठ्यावर, असं थोरलीचं म्हणणं. धाकट्या सुनेचं म्हणणं वेगळं होतं आणि त्यावरून घरात रोज भांडी आपटली जायची.

सासूचे नियम कडक. हातात बांगडी नको, बोटात अंगठी नको, नखं कापलेली हवीत. दोघींच्या पायात एकसारख्या निळ्या रबरी चपला. काम चालू असताना बोलायचं नाही. टेबलाला तोंडाशी एक भोक होतं. त्यात तोंड घालून माणूस पालथा पडला की त्याला फरशी आणि निळ्या चपलांची टोकं, एवढंच काय ते दिसायचं.

धाकटीला काम शिकवलं ते थोरलीनंच. लग्न होऊन आली तेव्हा त्या पोरीला कणा कुठे आणि बरगडी कुठे याचा पत्ता नव्हता. खांद्याच्या पात्याखाली गाठ कशी शोधायची, सापडली की माणूस श्वास सोडेपर्यंत तिथंच कसं थांबायचं, सगळं हिनं दाखवलं, वर मनगटावर चापट्या मारून. धाकटी हुशार निघाली. थोरलीचा हात तिनं जसाच्या तसा उचलला आणि एक दिवस आपल्या खोलीत छोटा स्पीकर आणून लावला. पाण्याची खळखळ आणि त्यावर बासरी. ना सुरुवात ना शेवट, नुसती आपली चालूच.

झालं. महिन्याभरात जो तो धाकटीचं नाव घेऊ लागला. 'धाकट्या बाईंचा हात म्हणजे लोणी!' एक ट्रक चालवणारा कंबरदुखीवाला वर्षानुवर्षं थोरलीकडे यायचा. तोही निमूटपणे शेजारच्या खोलीत गेला. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो बाहेर पडताना तिनं त्याला दारातच गाठलं.

"काय हो, माझ्या हाताला काटे फुटले का?"

"तसं नाही, बाई. तुमचं दाबणं दुखतं. त्यांचं कसं, आत उतरतं."

"ती माझंच दाबते! मी शिकवलंय तिला!"

"असेल की," तो चपलेत पाय सरकवत म्हणाला, "पण अंगाला कळतं ना."

अंगाला कळतं म्हणे! थोरलीचं ठाम मत होतं की अंगासारखी मूर्ख वस्तू जगात दुसरी नाही. कानात गूळ ओता, पाठ म्हणणार गोड लागलं. त्या बासरीला ती सवत म्हणायची आणि धाकटीला तर समोरासमोर काय काय म्हणायची ते इथं न लिहिलेलंच बरं. दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या, फक्त एकीच्या पाण्यात खळखळ होती.

आता खरं सांगायचं तर थोरलीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण एक गोष्ट ती कुणापाशी बोलत नसे. मुलीची वेणी घालायला बसली की मुलगी मान आवळून घ्यायची, जणू आता चापट बसणार. नवरा झोपताना भिंतीकडे सरकायचा. "बरंच आहे," ती म्हणायची, "दिवसभर लोकांच्या पाठी बघायच्या, रात्री याची." आणि स्वतःच मोठ्यानं हसायची. दुसरं कुणी हसत नसे.

एका सकाळी सासूनं दोघींना समोर बसवलं.

"मी काही अमरपट्टा घेऊन आलेले नाही. धंदा मी एकीच्याच ताब्यात देणार. दोघींना दिला तर महिन्याभरात एकमेकींचे गळे दाबाल. आज मोठीकडून पाठ दाबून घेते, उद्या धाकटीकडून. जिचा हात बरा वाटेल तिच्या खोल्या. दुसरीनं तिच्या हाताखाली काम करायचं, नाहीतर आपली वाट धरायची."

ज्या पोरीला आपण अंगठा धरायला शिकवलं तिच्या हाताखाली! त्या दिवशी थोरलीनं जीव ओतून काम केलं. म्हातारीच्या उजव्या खांद्यात जुनी गाठ होती ती शोधली, मोकळी केली. म्हातारी सारखी "आई गं, हळू" करत राहिली आणि उठल्यावर खांदा चोळत म्हणाली, "काम चोख आहे तुझं." कुणी केरसुणीबद्दल बोलावं तशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी धाकटीची पाळी. सासू पालथी पडली, बासरी सुरू झाली आणि धाकटी तेल कोमट करायला बाहेर आली. घाईत तिचा धक्का लागून जास्तच तापलेलं तेल तिच्याच मनगटावर सांडलं. ओरडू नये म्हणून तिनं दुसरी मूठ तोंडात कोंबली. मग ती थोरलीसमोर उभी राहिली, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"जाऊबाई, पाया पडते," ती कुजबुजली. "तुम्ही जा आत. माझी बोटं मिटत नाहीत. आईंना कळलं तर म्हणतील, हिला तेलाची वाटी धड धरता येत नाही."

शहाणं माणूस नाही म्हणालं असतं. थोरलीनं कोपरापर्यंत बाह्या सारल्या. डाव आपणहून हातात येऊन पडला होता. दाबून घे म्हणावं मनसोक्त, आणि मग सांगते कोणाचा हात आहे ते! धाकटी मनगट नळाखाली धरून बसली आणि थोरली आत गेली.

तिनं काही लाडीगोडी केली नाही. कालचाच दाब, कालचीच गाठ. उलट अंमळ जोरच जास्त. आणि काय आश्चर्य, म्हातारीनं लांब श्वास सोडला. खांदा पिकल्या फळासारखा मऊ पडला. बासरी वाजत होती. थोडा वेळ गेला आणि आपलाच नियम मोडून सासू भोकातून बोलू लागली.

"तुझा हात लागला ना, की वाटतं, कुणीतरी आपलं आहे. मोठीचं काम चोख, नाही असं नाही. पण तिनं हात लावला की मला उगीचच अपराध्यासारखं वाटतं. आता काय ठरवायचंय? खोल्या तुझ्याच."

हेच तर ऐकायचं होतं! थोरलीचा चेहरा आनंदानं फुलला.

"मी आहे, आई."

म्हातारी ओशाळून ताडकन उठेल अशी तिची अपेक्षा होती. म्हातारी उठली नाही. पण थोरलीच्या अंगठ्याखाली तो मऊ खांदा क्षणात लाकूड झाला.

"आई गं! दुखतंय!"

"खोटं! आत्ता तर सुख वाटत होतं. तोच हात आहे, तोच दाब. ती सवत सुद्धा वाजतेय अजून!"

"कळतंय गं मला. तरी दुखतंय."

म्हातारी नाटक करते म्हणून ओरडावं असं थोरलीच्या ओठांवर आलं होतं. पण तिचा जन्म पाठी चाचपण्यात गेला होता. मुद्दाम आवळलेला खांदा आणि आपोआप आवळला गेलेला खांदा, यातला फरक तिच्या अंगठ्याला कळत होता. म्हातारी नाटक करत नव्हती.

"मग खोल्या?" तिनं विचारलं.

"सांगितलं ना मघाशी."

"ते तुम्ही मला ती समजून सांगितलंत."

"मग तिलाच सांगितलं," सासू म्हणाली.

थोरलीनं अंगठे उचलले आणि नुसता तळवा त्या खांद्यावर ठेवला, अजिबात भार न टाकता, तान्ह्या मुलाच्या टाळूवर ठेवतात तसा. असा हात तिनं आजवर कुणावरच ठेवला नव्हता. ती बराच वेळ तशीच थांबली. खांदा सैल झाला नाही.