राजाची बशी

कपाच्या काठावर नखाने टिचकी मारायची, कान जवळ न्यायचा आणि म्हणायचं, "जित्तं हाय की!" सोलापुरातल्या आमच्या छोट्या संग्रहालयात आमच्या शिपाईमामांचा दिवस असा सुरू व्हायचा. कुठल्याशा संस्थानाच्या राजाने विलायतेहून करवून घेतलेला चहाचा संच होता तो. प्रत्येक कप-बशीवर सोनेरी राजचिन्ह. तडा गेलेला कप बद्द वाजतो, हे मला मामांनीच शिकवलं.

मामा मूळचे मैंदर्गीचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. कप पुसताना त्यांच्याशी कानडीत बोलायचे, "मेल्लगे, मेल्लगे." म्हणजे हळू, सावकाश. आमच्यावर मात्र मराठीत खेकसायचे. "मॅडम, वढणी सांभाळा की, कपाला लागंल! राजाचं हाय ते!" राजा जाऊन जमाना झाला, पण मामा चाकरी त्याचीच करत होते.

माझं काम माहितीच्या पाट्या लिहायचं. या संचाची पाटी लिहायला घेतली आणि पेन अडलं. संच बोन चायनाचा, आणि त्या मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळलेली असते, हे लिहिणं भाग होतं. मामा तर अंड्यालाही न शिवणारे. त्यात कप फुटून एकटी उरलेली एक बशी जुन्या साहेबांनी त्यांना देऊन टाकलेली, आणि मामा रोज तिच्यात महादेवाला नैवेद्य दाखवत. "राजाची बशी, देवाला शोभती की!"

चार दिवस मी तो कागद ड्रॉवरमध्ये दडवला. मामा येता-जाता विचारत, "आमच्या राजाची पाटी झाली का न्हाय?" पाहुण्यांना पाट्या मोठ्याने वाचून दाखवायची त्यांना भारी हौस. चारचौघांत कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून एकदाचं सांगितलं.

पुसता हात थांबला. "कुनाची हाडं?"

"बहुतेक गाईगुरांची." मला गप्प राहवेना. "पण राखच ना, मामा? भस्मासारखी."

"भस्म शेणाचं असतंय, मॅडम."

त्या शहाणपणाची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते बशी कोऱ्या उपरण्यात गुंडाळून. आता बोलणी बसणार, असं वाटलं. त्यांनी बशी कपाटात ठेवली, राजचिन्ह समोर येईल अशी फिरवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"देवाची माफी मी मागंन, चूक माजी हाय. तुमी हिला अंतर देऊ नका. हिला कुटं ठावं होतं?"

मग नळावर जाऊन हात धुतले, कितीतरी वेळ धुतले, आणि ओल्या हातांनीच गेले. ते परत आले नाहीत.