निशिकांतचे गुप्तदान

मंगळवार, ८ जुलै २०२५. सकाळपासून ढगाळ. निशिकांतबरोबर टॅक्सीच्या परवान्यासाठी जाऊन आले.

निशिकांत आमच्याच ब्लॉकमध्ये, सिंगापुरात बुकित पंजांगला, चौथ्या मजल्यावर राहतो. बावीस वर्षे बँकेत होता. मार्चमध्ये त्याची जागाच रद्द झाली. चौपन्नाव्या वर्षी त्याने टॅक्सी चालवायचे ठरवले. शिल्लक ऑगस्टपर्यंतच पुरेल, असे त्याची बायको सुलेखा मला म्हणाली होती.

अर्ज मीच भरून दिला. माझे अक्षर शाळेत नन्सनी घोटून घेतलेले, त्याचा त्याला भारी भरवसा. अर्जाच्या शेवटी ऐच्छिक देणगीची ओळ होती, आजाऱ्यांना इस्पितळात नेणाऱ्या व्हॅनसाठी. दिली नाही तरी परवाना अडत नाही. याच व्हॅनने प्रबोधना, माझ्या यजमानांना, दोन वर्षे डायलिसिसला नेले. निशिकांतने एक्कावन्न डॉलर लिहायला सांगितले आणि दात्याच्या नावापुढे 'एक हितचिंतक'. त्यांच्या घरी दान नाव सांगून करत नाहीत. कशासाठी देतो ते तो बोलला नाही, मीही विचारले नाही.

काउंटरवरच्या बाईंनी अर्ज परत सरकवला. फी आणि देणगीची पावती एकच, तेव्हा नावही एकच हवे. "अंकल, टॅक्सी तुम्ही चालवणार की हा हितचिंतक?" परवान्याआधी करावा लागणाऱ्या प्रशिक्षणाच्या सोमवारच्या वर्गात एकच जागा उरली होती, पुढचा वर्ग थेट सप्टेंबरात. देणगी खोडा नाहीतर नाव घाला, त्या म्हणाल्या. मागे रांग वाढत होती.

निशिकांतला खोडवेना आणि लिहवेना.

"काकू, नाव घातलं की ते दान राहत नाही. बाबांनी कधी घातलं नाही."

मी म्हटले, "ह्यांना नेणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरचं नाव माझ्या डायरीत आहे. ते विचारून घेतलं नसतं, तर मी आभार कुणाचे मानले असते?"

त्याने माझ्या हातातले पेन घेऊन पूर्ण नाव लिहिले. बाईंनी शिक्का मारला. सोमवारची जागा त्याला मिळाली. मी तिथेच त्याचे आभार मानले, तेव्हा तो फार अवघडला आणि लिफ्ट कुठे आहे ते शोधू लागला.

सकाळी घरी अर्ज भरताना सुलेखा शेजारीच होती; परत आल्यावर तिने दारातच विचारले, हितचिंतकांचे काम झाले का. तिला हसताना मी मार्चनंतर आजच पाहिले.

संध्याकाळी भेंडी चिरायला घेतली, निम्मी जून निघाली. पिठले केले.