निम्मा राक्षस

जगातल्या यच्चयावत राक्षसांचा एकुलता एक हितचिंतक मी पाहिला आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. नायकाच्या बाजूने सगळेच बसतात. रबराच्या, शिवण उसवलेल्या, पाठीवरची चेन उघडी दिसणाऱ्या राक्षसाच्या बाजूने तिकीट काढून बसणारे आमचे दाजी एकटेच. फौजेतून पेन्शनीवर आलेले, कृष्णाकाठी बऱ्यापैकी ऊस असलेले, मिशांना पीळ देऊन बोलणारे हे गृहस्थ. सांगलीत एखादा भुताखेताचा किंवा अजस्र प्राण्याचा सिनेमा लागला की कडक इस्त्रीचा शर्ट चढवून एसटीने निघत. मी तेव्हा साताऱ्याला शाळेत मास्तर होतो. सुट्टीत अक्काकडे गेलो, की पिशवी खाली ठेवायच्या आत ते डोळे चमकवत म्हणायचे, "चला पावणं, लय वाईट सिनेमा लागलाय!"

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. कुठल्या कुठल्या देशांतून फिरून, ओरखडे खाऊन, मधले तुकडे गळून हे सिनेमे शेवटी सांगलीच्या मॅटिनीला पोचत. एकात घोरपडीच्या डोक्यावर शिंगं चिकटवून तिला खोक्यांच्या शहरातून चालवलं होतं. चालता चालता एक शिंग कलंडलं, ते थेट तिच्या डोळ्यावर आलं. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. दाजी ताडकन उभे राहिले आणि परेडच्या आवाजात ओरडले, "गप बसा रं! तिला दिसत न्हाई, तरी चालतीया ती!" थिएटर खरोखरच गप्प बसलं. एकदा मेंढ्या घ्यायला म्हणून ते जतला गेले आणि तिथल्या तंबूतला सिनेमा बघून मेंढ्यांशिवाय परत आले. सिनेमा इंग्रजी, शेजारचा प्रेक्षक कानडी आणि दाजी मराठी. "शास्त्रज्ञ लय बडबडत व्हते," त्यांनी घरी येऊन सांगितलं, "पर राक्षस आमा दोघांनाबी सारखाच कळला." अक्काने मेंढ्यांचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मेंढ्यांपेक्षा त्याची लोकर बरी व्हती."

मी पडलो पुस्तकातला माणूस. दाजींची अभिरुची सुधारावी म्हणून एकदा त्यांना एका नावाजलेल्या, बक्षिसं मिळवलेल्या सिनेमाला घेऊन गेलो. ते शेवटपर्यंत हात जोडल्यासारखे बसून राहिले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला हाय की. खोट काढायला जागा न्हाई."

"मग?"

"मग आपण कशाला जायाचं? सगळं त्यांनीच करून ठिवलंय. आपल्या सिनेमात कसं, निम्मा राक्षस ते करत्यात, निम्मा आपण करायचा असतो. आपण न्हाई केला तर त्या गरिबाचं काय व्हायचं?"

साताऱ्याला परत जाताना शिरवळ येईपर्यंत मी तेच घोळवत होतो, म्हणजे गाडी सातारा ओलांडून पुढे गेली हे माझ्या लक्षातच आलं नाही.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण माझी भाची लग्नाची झाली आणि दाजींनी जावई पारखायला हेच सिनेमे वापरायचं ठरवलं. पत्रिका जुळली, शेत बघून झालं, पोहे खाऊन झाले, की दाजी मुलाला म्हणायचे, "चला, जरा सिनेमा बघून येऊ." मुलाला वाटे सासरा हौशी आहे. ती परीक्षा आहे हे त्याला कळत नसे.

"आरं, तू तरी सांग की ह्यास्नी," अक्का माझ्यामागे लागली. "पोरीचं लगीन हाय का खेळ? गावात लोक हसाय लागल्यात."

मी दाजींना विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "पावणं, तुमची भाची गुणी हाय, पर तिची भाकरी करपती. भरतकामात मोराचं बदक हुतं. दुसऱ्याचं फसलेलं काम बघून पोरगं कसं वागतंय, हे मला कांदेपोह्यात कसं कळायचं?"

पहिला मुलगा विट्याचा होता. घरचा गलाईचा, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचा, धंदा पार मद्रासपर्यंत. त्याने राक्षसाची चेन दाखवली, तारा दाखवल्या, मागे हलणारा पडदा दाखवला. एकही खोट सोडली नाही. स्थळ सोन्यासारखं होतं. दाजींनी नकार कळवला. अक्का रडली. "आगं, तो तुझ्या पोरीची भाकरी रोज कसाला लावंल," दाजी म्हणाले. दुसरा मध्यंतरातच घड्याळ बघून उठला. त्याचंही फिसकटलं. मग पुढच्या स्थळांकडून निरोप येईनासे झाले. पोरीचा बाप डोक्याने अधू आहे अशी वदंता तासगावपर्यंत पोचली होती. दाजी ते ऐकून हसत. पण संध्याकाळी ओट्यावर एकटेच मिशी चावत बसलेले मी पाहिले आहेत.

अशात कऱ्हाडकडचा एक मुलगा आला. बँकेत कारकून, बुजरा, बोलताना जमिनीकडे बघणारा. पोहे देताना भाचीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, हे माझ्यासारख्याच्याही लक्षात आलं. सिनेमा दुसऱ्या दिवशी ठरला, म्हणून मुलगा गावातच ओळखीच्यांकडे मुक्कामाला राहिला. मधल्या संध्याकाळी भाची देवळात म्हणून गेली ती बऱ्याच उशिराने आली.

थिएटरात मुलगा मध्ये, त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही. पडद्यावर एक बाई बागेत चहा ओतत होती. पाखरं ओरडत होती. एवढ्यात मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला, "आत किती उकडत असेल हो बिचाऱ्याला!"

दाजींनी मान वळवली. "कुणाला?"

"राक्षसाला."

"आजून आला न्हाई त्यो."

मुलगा घामाघूम झाला. जरा विचार करून म्हणाला, "आला की उकडेल."

मी डोळे मिटून घेतले. अक्काचा चेहरा समोर आला. पुढे राक्षस एकदाचा आला. चिखलातून निघालेला, एक हात दुसऱ्यापेक्षा लांब असलेला. तेव्हा दयेचं वाक्य टाकायची खरी वेळ होती. पण मुलाच्या तोंडून शब्द फुटेना, कारण तो खरोखर घाबरला होता. त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. त्या राक्षसाला मनापासून भ्यालेला अख्ख्या सांगली जिल्ह्यात तो एकटाच असावा.

खेळ सुटल्यावर मुलगा पान आणायला गेला आणि आम्ही चहाला थांबलो. दाजी बशीत चहा ओतून नुसते बघत बसले.

"पोरगं पसंत हाय," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "दाजी, त्याला कुणीतरी पढवून पाठवलं होतं."

"कुणीतरी कशाला? माझ्याच पोरीनं. मला काय चेन दिसत न्हाई व्हय?"

"आणि तरी?"

"आवं, बापाला फसवायचं म्हणून पोरीनं एवढा खटाटोप केला, त्या गरिबानं एवढं पाठ केलं. दोघांचंबी पार फसलं." त्यांनी बशी तोंडाला लावली, पण हसू आवरेना, चहा मिशांवर सांडला. "ह्याच्यापेक्षा वाईट काम मी जल्मात बघितलं न्हाई, मास्तर! आता आपण उठून जायाचं का?"

लग्न झालं. दोघांचं बरं चाललं आहे. भाकरी अजून करपते, असं ऐकतो.

पुढे काही वर्षांनी दाजींनी अंथरूण धरलं. मिरजेच्या डॉक्टरांनी जे सांगायचं ते अक्काला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. दाजींना कुणी सांगितलं नाही, पण त्यांना ते कळलं होतं, आणि त्यांनी बरं असल्याचं सोंग आणलं. रोज दाढी करवून घेत, मिशीला पीळ देत, उशीला टेकून बसत आणि येईल त्याला सांगत, "लय बरं वाटतंय आता." वाक्य संपायच्या आत खोकल्याची उबळ येई. कॉलर मानेपासून सुटलेली असे. जावई दर शनिवारी कऱ्हाडहून येई आणि भिंतीकडे बघत म्हणे, "मामा, चेहऱ्यावर तेज आलंय तुमच्या."

"आलंय न्हवं?"

"आवं, लय आलंय," अक्का म्हणायची. त्या सिनेमांच्या वाटेला ती जन्मात कधी गेली नव्हती. "पंधरा दिवसांत उसात जाल तुमी."

त्या खोलीत प्रत्येकाला सगळं दिसत होतं. कुणाचाही आवाज सरळ लागत नव्हता, कुणाला डोळे कुठे ठेवावेत कळत नव्हतं. इतकं वाईट वठवलेलं सोंग मी पाहिलेलं नाही. आणि तरीही, ते अखेरचे काही दिवस, दाजी बरे होत आहेत असं मी अगदी मनापासून मानून चाललो होतो.