जित्या बाईची कबर

शेजारची खाला परदेशी आहे, हे मला औरंगाबादेत चिकलठाण्याला नांदायला आल्यावर लई दिवस ठाऊकच नव्हतं. कळणार तरी कसं? माझ्यापेक्षा बरी भाकरी थापायची ती. नळावर भांडायला उभी राहिली तर निम्मं मराठीत, निम्मं दखनीत, आणि समोरचीचं तोंड बंद. एक दिवस दारात येऊन म्हणाली, "बाई, मेरे साथ पोलिसात चल. हजेरी है." मी म्हटलं, अगं बाई, काय उद्योग करून ठेवलास? तर म्हणाली, "काय नाय केलं. मैं पाकिस्तानी है."

ती जन्मली सिल्लोडच्या अलीकडच्या एका गावात. माझं माहेर तिथनं जवळच, दोन्ही गावांची शीव एकच. पोलीस अ‍ॅक्शनच्या गडबडीत तिच्या चुलत्यानं तिला उचललं, थोडे दिवस लांब नेतो म्हणाला, आणि मुंबईहून बोटीनं थेट कराची गाठली. पोर लहान होती. तिला सांगितलं, तुझे अम्मी-अब्बा राहिले नाहीत. पुढं औरंगाबादचाच एक माणूस कराचीला पाहुणा गेला आणि तिच्याशी लग्न करून तिला घेऊन आला. तो वारला. मूलबाळ नाही. आणि ही बाई दरसाल मुक्कामाच्या नव्या परवान्यावर जगत होती. परवाना फक्त शहरापुरता. गाव एवढं जवळ, यष्टीत बसलं की सिल्लोडची वाट, पण तिला शिवेबाहेर पाऊल टाकायची बंदी. गावच्या मातीत आईची कबर असेल, तिथं एकदा जायचं, एवढंच तिच्या डोक्यात. "बिना पूछे जाना है मेरेकू," ती म्हणायची. "ज्या दिवशी बिना पूछे गेले, त्या दिवशी मी इथली."

म्हणून तिनं इथल्या नागरिकत्वाचा अर्ज केला, आणि मी मराठी वाचणारी, शिवाय तोंडाची फटकळ, म्हणून मी बरोबर. कचेरीतल्या कारकुनानं पहिलाच प्रश्न असा टाकला की मी गार. "जन्म हिंदुस्थानातला का?" खाला म्हणाली, "तब निजाम का राज था." तो म्हणाला, "मग काय लिहू?" मी म्हटलं, "अहो साहेब, जमीन तीच हाय ना? का निजाम संगं घेऊन गेला?" तो हसला नाही. गावात चौकशी होईल, म्हणाला. इथं जन्मली हे गावानं सांगितलं की झालं.

चौकशीला गेलेला जमादार परत आला तो सरळ आमच्या गल्लीत. खालानं पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही. ओट्यावर टेकलाही नाही. बघावं तर त्याची नजर सारखी तिच्या पायांकडं. मला आधी राग आला, मग एकदम लक्षात आलं, हा पाय उलटे आहेत का ते बघतोय! त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "ताई, ही बाई कोण हाय? त्या घरची पोरगी तर ल्हानपणीच मेली. समद्या गावानं सांगितलं. कबर दाखवली मला."

"कुठली कबर?"

"विहिरीपाशी. चिंचेखाली. पोरीची कबर म्हणतात."

पोरीची कबर मी लहानपणापासून बघितलेली! आमच्या पंचक्रोशीतल्या बाया गुरुवारी तिथं जात. हिंदू, मुसलमान, धनगर, सगळ्या. ज्यांचं लेकरू घर सोडून गेलंय, हरवलंय, त्या जात. कबरीच्या उशाला दिवा ठेवायची देवळी आहे. तिच्यात तोंड घालून लेकराच्या नावानं हाक मारायची, आणि मागं वळून न बघता घरी यायचं. लेकरू येतं म्हणत. मी आईचा पदर धरून तिथं उभी राहिलेली. ती पोरगी कोण, कुणाची, हे विचारायचं कधी डोक्यातच आलं नाही. आता ती पोरगी माझ्या शेजारी राहत होती आणि मला रोज विरजण मागत होती.

खालाला सांगावं लागलंच. ती बराच वेळ स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत बसली. मग म्हणाली, "मेरी कबर पे दिया कौन लगाता है?" त्या रात्री आमच्यात कुणी बाहेरच्या खोलीत झोपलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, आमच्या भिंतीपलीकडं ती आहे याचीच मला भीती वाटत होती.

अर्ज अडकला. मेलेल्या बाईला नागरिक कोण करणार? शेवटी मी कचेरीतल्या मोठ्या साहेबापुढं जाऊन बसले, उठलेच नाही. तेव्हा एका दिवसाची परवानगी मिळाली. जमादारानं बरोबर जायचं, गावात जबाब घ्यायचा, आणि दिवस मावळायच्या आत बाईला परत आणायचं. मी जामीन राहिले. ती परत आली नाही तर मला धरणार, असं स्पष्ट सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार. गावात चिटपाखरू नव्हतं. आमची बातमी आधीच पोचलेली असावी, कारण दारं लावलेली होती आणि फटींतून डोळे दिसत होते. एक बाई कळशी घेऊन समोरून येत होती, तिनं खालाकडं बघितलं आणि कळशी तिथंच ठेवून उलट्या पावली गेली. कुत्रं भुंकलं नाही. जमादार माझ्या आणि खालाच्या मधून चालेना, तो माझ्या पलीकडून चालला. मी त्याला म्हटलं, "अहो, तुम्ही पोलीस की कोण?" पण माझाच आवाज मला बारीक वाटला.

कबरीपाशी एक म्हातारी बसली होती. धनगराची, आयुष्य मेंढरामागं गेलेली. तीच दिवा लावायची, झाडलोट करायची. तिनं खालाच्या तोंडाकडं बघितलंच नाही. आधी जमिनीकडं बघितलं. सावली शोधत होती. भर दुपारची सावली, पायाखाली गेलेली. म्हातारीनं वाकून हातानं चाचपल्यासारखं केलं. मग वर बघितलं आणि जमादाराला म्हणाली, "ती पोरगी मेली. लिहा."

माझं डोकंच फिरलं. "आजी, ही तुमच्यासमोर जिती उभी हाय!"

"मेली म्हनलं ना."

खाला कबरीशेजारी मांडी घालून बसली. हातभर कबर ती, शेंदरी-हिरव्या चिंध्यांनी भरलेली. तिनं कुणाचं तरी डोकं कुरवाळावं तसा त्या दगडावरून हात फिरवला. म्हातारी बघत होती. जमादाराला तिनं विहिरीवर पाणी प्यायला पाठवलं, आणि तो गेल्यावर बोलायला लागली.

ती खालाच्या आईची मैत्रीण. बाकी घरं गाव सोडून पळाली तेव्हा या दोघी राहिल्या होत्या. कुणीतरी निरोप आणला की पोरगी बोटीवर तापानं गेली, समुद्रात सोडली. आईला काही केल्या रडू येईना. तेव्हा म्हातारी तिला म्हणाली, आमच्यात लांब मेलेल्याचं कापड पुरतात, म्हंजी जीव भटकत नाय. आईनं पोरीचा कुडता आणि बांगड्या पुरल्या. लोक परत आले तेव्हा कबर तयार होती. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

"पन तिनं मानलं नाय," म्हातारी म्हणाली. "मरूस्तवर रोज दुपारी हितं यायची. त्या देवळीत तोंड घालून तुला हाका मारायची. तिचं बघून मंग बाकीच्या बाया यायला लागल्या. आता हितंच पल्याड निजलीय ती."

खालाचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, "मग सांगा ना आजी, कबर रिकामी हाय म्हणून! हिचा जन्म अडकलाय त्याच्यावर."

म्हातारीनं मान हलवली. "समद्या तालुक्याच्या आया हितं येतात, पोरी. रिकामी म्हनून कसं सांगू?" मग तिनं खालाचं मनगट धरलं. "जिती हाय म्हनून सांगते. पन बायांनी इचारलं, आईची हाक ऐकू येत व्हती का, तर व्हय म्हनायचं. हाकेनं आली म्हनायचं."

चिंचेमागून तीन-चार बाया कधी पुढं आल्या कळलंच नाही. पदर तोंडावर, डोळे तेवढे उघडे. त्यातली एक सरळ खालाच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "माझा ल्योक सुरतेला गेला, त्याचा पत्ता नाय. बाई, तुला तिकडं हाक ऐकू यायची का?"

खालानं माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली.

"हौ," ती म्हणाली. "रोज."

बाई रडत तिच्या पायाशी कोसळली. म्हातारीनं जमादाराला हाक मारली आणि जबाबावर अंगठा दिला: ही तीच, इथंच जन्मली, आणि आईच्या हाकेनं माघारी आली. जमादारानं शेवटचं तेवढं लिहिलं नाही.

परतीच्या यष्टीत खाला खिडकीशी होती. हुंदकाबिंदका काही नाही, नुसतं डोळ्यातनं पाणी वाहत होतं. म्हणाली, "झूट बोली मैं. मेरेकू कभीच कुछ सुनाई नहीं दिया, बाई. वो रोज बुलाती थी और मैं उधर खेलती थी." मी तिचा हात धरून बसले. तेवढंच जमलं मला.

पुढं कचेरीत खेटे लई घातले, पण अर्ज मंजूर झाला. साहेबापुढं तिनं शपथ घेतली, सही केली, बाहेर आली आणि म्हणाली, "चल." मी म्हटलं, कुठं? "बिना पूछे."

यष्टीतनं उतरलो तेव्हा पुन्हा भर दुपारच होती. चिंचेखाली बाया बसलेल्या. खालाला बघून त्यांनी वाट दिली. ती कबरीच्या उशाशी गुडघ्यावर बसली, देवळीत तोंड घातलं. आता ही कुणाला हाक मारणार, मला कळेना. तिनं हाक मारलीच नाही.

"हौ अम्मा," ती आत म्हणाली, "आ गई मैं."

सगळ्या बायांनी एकदम तोंडावर पदर घेतले. खाला तशीच आत तोंड घालून राहिली. पुन्हा, पुन्हा तेच म्हणत राहिली, हळू, लहान पोरीच्या आवाजात. किती हाकांना उत्तरं देत होती कुणास ठाऊक.

मी मागल्या वेळेसारखं सूर्याकडं बघितलं. "खाला, चल, गाडी जाईल."

तिनं डोकं बाहेर काढलं. कपाळाला काजळी लागली होती. "तू जा," म्हणाली. "आता मला परत नेलं नाय म्हणून तुला कुणी धरणार नाय."

मी एकटीच यष्टीत बसले.